रविवार आणि बिनकामाचे सल्ले

सोमवारी सकाळी ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न हमखास कानावर येतो, "मग, वीकेंडला काय केलंत?" आपण म्हणावं, "घरीच होतो, जरा साठलेली कामं उरकली." त्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी कणव उमटते ती बघण्यासारखी असते. आजाऱ्याच्या समाचाराला आल्यासारखा आवाज बारीक करून तो विचारतो, "अरेरे, म्हणजे कुठेच नाही गेलात?" मग त्याचा मोबाइल निघतो, धबधब्याखाली उभ्या असलेल्या नऊ जणांचा फोटो निघतो, आणि चहा गार होईपर्यंत आपल्याला दुसऱ्याचा रविवार बघावा लागतो.

फोटोबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या कणवेमागच्या तत्त्वज्ञानाबद्दल. ते असं : आठवड्याचे हे दोन दिवस म्हणजे भांडवल. घरात बसून ते उधळणारा माणूस आळशी तरी असतो, कंजूष तरी, किंवा दोन्ही. पंखे पुसणं, दळण आणणं, रद्दी काढणं ही कामं पैसे टाकून करून घ्यावीत. ताशी हजार मिळवणाऱ्याने शंभर रुपयांच्या कामाला हात लावणं हा अडाणीपणा. मोकळ्या वेळात माणसाने 'अनुभव' घ्यावेत, म्हणजे ट्रेक करावा, रिसॉर्ट गाठावा. ते जमत नसेल तर स्वतःमध्ये 'गुंतवणूक' करावी, म्हणजे ऑनलाइन कोर्स, मॅरेथॉनचा सराव, पहाटे पाचची ध्यानधारणा. सोमवारी सांगण्यासारखं ज्याच्याकडे काही नाही, त्याने दोन दिवस मातीत घातले.

दुसरा एक पक्ष आहे आणि तो वरच्या मजल्यावर बसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी देशातल्या तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचा, एस. एन. सुब्रह्मण्यन यांचा, एक व्हिडिओ गाजला. त्यात ते ९० तासांवर गेले, रविवारी लोकांकडून काम करून घेता येत नाही याची खंत त्यांनी व्यक्त केली, आणि घरी बसून बायकोच्या तोंडाकडे बघणार तरी किती वेळ, असंही विचारून टाकलं.

वरवर बघता हे दोन पक्ष एकमेकांविरुद्ध उभे आहेत. एकाला तुमचा रविवार मौजेसाठी हवा, दुसऱ्याला कामासाठी. पण नीट ऐका. घरात, घरासाठी घालवलेला वेळ कवडीमोलाचा आहे, यावर दोघांचं झकास एकमत आहे. माझं भांडण या एकमताशी आहे.

आधी वरच्या मजल्याकडे जाऊ. रविवार हा कंपनीने दयाबुद्धीने टाकलेला तुकडा आहे, असा समज तिथे दिसतो. इतिहास वेगळा आहे, आणि तो मुंबईतच घडला आहे. ठाण्यात जन्मलेले, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. त्या वर्षी कामगारांनी सरकारच्या कमिशनपुढे मागण्या ठेवल्या : आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात. तेव्हा गिरणीचा दिवस उजाडताना सुरू होई आणि दिवेलागणीला संपे. रविवार मागताना हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असं कारणही लोखंड्यांनी पुढे केलं. मालकांनी सहा वर्षं दाद दिली नाही. एप्रिल १८९० मध्ये सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली, तीत दोन कामगार बायाही बोलायला उभ्या राहिल्या, आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कारखाना कायद्यात ती आली.

त्या मागण्यांमध्ये एक गोष्ट कुठेच नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही काय करणार, याचा खुलासा. जेजुरीला जाऊ, गावाकडे पत्र लिहवून घेऊ, चाळीच्या गॅलरीत गोधडी वाळत घालू की नुसते पडून राहू, हे सांगायची गरज त्या माणसांना वाटली नाही. दिवस आमचा आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्यांच्याच शहरात, शिकलीसवरलेली, वातानुकूलित जागेत बसणारी माणसं सोमवारी सकाळी त्याच दिवसाचा खुलासा एकमेकांना देत बसली आहेत, तोही स्वखुशीने! याला प्रगती म्हणायचं?

आता थोडा हिशेब. आठवड्याला ९० तास म्हणजे एकही सुट्टी न घेता रोज जवळजवळ तेरा तास. त्यात दोन-तीन तासांचा प्रवास मिळवा, झोप मिळवा, आंघोळ मिळवा. मुलाशी बोलायला जी मिनिटं उरतील ती त्याला गृहपाठावरून रागवण्यातच संपतील. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध केला : आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम केल्यामुळे पक्षाघात आणि हृदयविकाराने २०१६ या एका वर्षात जगभर सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली. नव्वद तर लांबच राहिले, इथे पंचावन्नातच माणूस झोपतो आहे. आपल्याकडच्या अनेक गावांत सोमवारी बैलाला औताला जुंपत नाहीत, तो महादेवाचा वार. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून त्याचे खांदे लोण्या-हळदीने चोळतात. शेतकऱ्याला बैलाबद्दल जेवढं कळतं, तेवढं माणसांबद्दल कळायला कुठल्या व्यवस्थापन संस्थेची पदवी घ्यावी लागते?

बायकोच्या तोंडाकडे बघण्याच्या मुद्द्याचंही उत्तर देऊन टाकतो. साहेब, रविवारी घरात बायकोच्या तोंडाकडे बघायला वेळ मिळत नाही. ती स्टुलावर चढलेली असते आणि आपण स्टूल धरलेलं असतं. बघायचंच झालं तर आपण पंख्याच्या पात्याकडे बघतो, आणि तेही धूळ डोळ्यांत जाऊ नये म्हणून अर्धवट मिटल्या डोळ्यांनी.

खालच्या मजल्यावरच्या सहलपक्षाकडे वळू. भटकंतीला माझा विरोध नाही. पाऊस पडला की डोंगराची ओढ लागणारा माणूस मला समजतो, आवडतोही. पण आजची बहुतेक शनिवार-रविवारची सहल ओढीने होत नाही, धाकाने होते. सगळे निघाले, आपण मागे राहिलो तर? म्हणून मुंबईतला माणूस मुंबईच्या गर्दीला कंटाळून पहाटे निघतो आणि खंडाळ्याच्या घाटात त्याच मुंबईकरांच्या गाड्यांमध्ये इंजिन बंद करून उभा राहतो. घरी लिफ्टमध्ये न भेटणारा शेजारी त्याला भुशी धरणाच्या पायऱ्यांवर भेटतो. पुण्यातला माणूस सिंहगडाच्या घाटरस्त्यावर रांगेत अडकतो आणि वर पोचल्यावर पिठलं-भाकरीच्या ताटासाठी पुन्हा रांगेत उभा राहतो. भाकरी चांगली असते, तो भाग वेगळा. रविवारी रात्री अकराला तो घरी येतो तेव्हा चिखलाचे कपडे, रिकामा फ्रीज आणि न दळलेले गहू त्याची वाट बघत असतात. सोमवारी कँटीनमध्ये फोटो दाखवून झाल्यावर तो हळूच म्हणतो, "पण जाम थकलो यार." मग विश्रांती नेमकी कुणी घेतली?

या पक्षाचा सगळ्यात लाडका मुद्दा म्हणजे 'ही कामं बाहेरून करून घ्या.' पंखा पुसणारा ॲपवर मिळतो, पीठ पिशवीत मिळतं, भाजी निवडून, चिरून, डब्यात बंद होऊन दहा मिनिटांत दारात येते. मग स्वतः का राबायचं? मुद्दा बिनतोड वाटतो. पण ही कामं म्हणजे निव्वळ मजुरी आहे, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. खरंच तसं असतं, तर मीही हात जोडले असते.

वालाच्या बिरड्याचं उदाहरण घ्या. आमच्या ठाण्या-रायगडाकडे हा पदार्थ ज्यांच्या घरात होतो त्यांना ठाऊक असेल की बिरडं रविवारी शिजतं, पण ठरतं शुक्रवारी. रात्रीची जेवणं झाली की कडवे वाल निवडून पाण्यात टाकायचे. शनिवारी ते उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधायचे आणि झाकून ठेवायचे. थंडीत मोड यायला उशीर लागतो, तेव्हा बेत एक दिवस आधी धरावा लागतो. रविवारी सकाळी पुरचुंडी सोडली की एक ओलसर, हिरवट, किंचित उग्र वास येतो आणि वालांना बोटभर नसले तरी चांगले मोड आलेले असतात. मग ते कोमट पाण्यात टाकायचे. सालं सैल पडली की परातीभोवती बसायचं. दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून हलकेच दाबायचा, तो सुळकन निसटतो आणि साल बोटाला चिकटून राहते. जोर जास्त झाला की दाण्याची दोन शकलं होतात, आणि परातीतली शकलं घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. किलोभर वाल सोलायला दोघा-तिघांना तासभर सहज लागतो.

त्या तासात काय होतं? फोन हातात धरता येत नाही, कारण बोटं ओली असतात. उठून जाता येत नाही. मग माणसं बोलतात. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं की नाही, धाकट्याला गणित खरंच जमत नाही की तो शिकवणीच्या सरांना घाबरतो, गावच्या घराची कौलं या वर्षी परतायची का, हे सगळे विषय आमच्या घरी परातीभोवती निघाले आहेत. 'चला, आता मुलाच्या मनातलं जाणून घेऊ' म्हणून समोरासमोर बसलं तर मूल तोंड मिटून घेतं. हात कामात गुंतले आणि नजर परातीत असली की तेच मूल आपणहून बोलायला लागतं. सोललेल्या वालाचं पाकीट बाजारात मिळतं आणि त्याचं बिरडंही बरं होतं. पाकिटात तो तास मिळत नाही, एवढीच त्यातली खोट.

गिरणीचंही तसंच. आमच्याकडे अजून डब्याने दळण जातं. बाजरीच्या पाठोपाठ आपला गहू पडू नये म्हणून तिथे जे राजकारण चालतं, ते महापालिकेच्या सभागृहातही चालत नसेल. "काका, गव्हावर गहू चालू आहे, आणताय तर आत्ताच आणा," असा गिरणीवाल्याचा निरोप आला की लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरायचं. डबा परत घेताना तो दर वेळी बजावतो, "पीठ गरम आहे, झाकण लगेच लावू नका, घाम धरेल." हे ज्ञान ताशी हजार मिळवणाऱ्या माणसाच्या उपयोगाचं नाही, मान्य. पण ज्याला आपल्या पोळीचं पीठ कधी दळलं हे ठाऊक असतं, तो आपल्या घरात राहतो. बाकीचे घरात उतरतात आणि सोमवारी चेक-आउट करतात.

देखभालीचं काम कमी दर्जाचं, ही समजूत आपल्या डोक्यात इतकी कशी घट्ट बसली, याचं मला नवल वाटतं. दर शनिवारी वर्तमानपत्रात मध्य रेल्वेची बातमी येते : रविवारी मेगाब्लॉक, माटुंगा ते मुलुंड किंवा ठाणे ते कल्याण, रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांच्या दुरुस्तीसाठी. आपण वैतागतो, पण रेल्वे आळशी झाली असं कुणी म्हणत नाही. या कामात नवा अनुभव काय, गुंतवणूक कुठे, असं महाव्यवस्थापकांना कुणी विचारत नाही. ब्लॉक घेतला नाही तर सोमवारी गाडी रुळावरून उतरेल, हे सगळ्यांना कळतं. मग रोज सहा वाजता उठून, डबे भरून, ८.१३ पकडून चाललेलं एक घर आठवड्यातला एक दिवस थांबून स्वतःचे नट-बोल्ट आवळत असेल, तर तिथेच आपल्याला दया का येते? शाळेच्या दप्तराचा फाटलेला पट्टा, गळका नळ, हरवलेली गॅसची पावती, तीन आठवडे न केलेला काकूंचा फोन... हे सगळं बुधवारी रात्री कोण करणार आहे?

आता एक आक्षेप असा, की ज्याला मी मनापासून मान देतो. बायका म्हणतात, तुमचा हा निवांत रविवार आमच्या जिवावर निवांत असतो. तुम्ही कामं 'उरकता', आम्ही ती रोजच करतो. आकडेही त्यांच्याच बाजूने आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. हे 'घरकाम करणारे पुरुष' म्हणजे तरी किती? शंभरातले सव्वीस. बाकीचे चौऱ्याहत्तर त्या दिवशी घरात पाहुणे होते.

आक्षेप खरा आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. घरचा रविवार सोडून रिसॉर्टवर गेल्याने ही मिनिटं कमी होत नाहीत. सहलीच्या आदल्या रात्री दशम्या कोण करतं? पोराचे मोजे, सासऱ्यांच्या गोळ्या, उलटीच्या पिशव्या कोण आठवणीने भरतं, आणि परतल्यावर चिखलाचे कपडे कोण भिजवतं? सहलीत बाईचं काम संपत नाही, फक्त फोटोत येत नाही. ही मिनिटं वाटून घ्यायची तर सगळे घरात असलेला, कुणालाच कुठे पोचायचं नसलेला दिवस लागतो. आठवड्यातला तो एकच दिवस आपण फिरतीवर घालवला तर वाटणी होणार कधी?

अर्थात वाटणी म्हणजे 'मी रविवारी मटण करतो' हे नाही, तेही सांगून ठेवतो. घराघरात एक रविवारचा बल्लवाचार्य असतो. तो सकाळी आठला मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो, अकराला ओट्याचा ताबा घेतो, घरातलं प्रत्येक पातेलं एकदा तरी वापरतो, अडीच वाजता टाळ्यांची वाट बघतो आणि तीनला झोपतो. पातेली ओट्यावर तशीच. या गृहस्थाचा समावेश मी शंभरातल्या सव्विसांत करणार नाही.

शेवटचा आक्षेप जरा उपरोधाने घेतला जातो : निवांत रविवार हे खात्यापित्यांचे चोचले आहेत, बहुतेकांना तो मिळतच नाही. खरंच मिळत नाही. पिंपरी-चिंचवडच्या अनेक कारखान्यांत सुट्टी गुरुवारी असते, न्हाव्याची सोमवारी, तर पोलीस, परिचारिका आणि एसटीचा वाहक यांना ती ड्यूटीच्या तक्त्यात शोधावी लागते. वार कुठला का असेना, पण एखादी गोष्ट थोड्यांनाच मिळत असेल तर ती सगळ्यांना मिळावी म्हणून भांडायचं, की मिळणाऱ्यांनीही ती टाकून द्यायची? आणि वारं तर उलट्या दिशेने वाहतं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच राहील, असं सोबत सांगितलं आहे. पण बारा तास मशीनपुढे उभं राहून आलेल्या माणसाला त्या दिवशी घर म्हणजे केवळ अंथरूण. लोखंड्यांच्या कामगारांनी दिवसातला अर्धा तास मागितला होता. आपण दिवसाला तीन तास परत द्यायला निघालो आहोत, आणि त्यावर जेवढी चर्चा व्हायला हवी होती त्याहून अधिक चर्चा लोणावळ्याच्या नव्या काचेच्या रिसॉर्टची झाली.

म्हणून पुन्हा सांगतो, स्पष्ट सांगतो. रिकामा, रेंगाळलेला, दळण-रद्दी-बिरड्याचा रविवार हा वाया गेलेला रविवार नाही. तो ज्यासाठी मागितला गेला, त्यासाठीच वापरलेला रविवार आहे. त्याचा हिशेब मालकाला द्यायचा नाही, मित्राला द्यायचा नाही, इन्स्टाग्रामला तर नाहीच नाही.

फक्त एक बाकी आपल्या नावावर आहे, ती चुकती करायला हवी. गिरणी कामगाराला १८९१ पासून कायद्याने मिळालेली आठवड्याची सुट्टी आपल्या घरी धुणं-भांडी करणाऱ्या बाईला आजही मर्जीवर मागावी लागते. राज्यात घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला, तरी तिच्या रविवारचा निकाल आपल्याच स्वयंपाकघरात लागतो. 'अगं, रविवारी तर जास्त भांडी असतात' हे आपलं ठरलेलं उत्तर आणि १८८४ च्या गिरणीमालकाचं उत्तर यांत मला फरक दिसत नाही. तेव्हा या रविवारपासून तिला सुट्टी द्या, पगार न कापता. आणि मटणाची पातेली स्वतः घासा.